फुल फेसमध्ये जीव घुसमटतो, ओपन फेस घेऊ का?

ताई, नमस्कार. वय २९, राहायला मुलुंड, नोकरी अंधेरीला सीप्झमध्ये. इतकी वर्षं स्कूटर चालवली, गेल्या दिवाळीत स्वतःच्या पैशांनी हंटर ३५० मोटरसायकल घेतली. आता हेल्मेटवरून डोक्याचा नुसता भुगा झालाय. मला जुन्या धाटणीचं ओपन फेस आवडलंय, पुढे गोल फुगीर काच असते ते. फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, घातलं की दोन मिनिटांत जीव घुसमटतो, चष्मा नाकावर वाकडा बसतो. नवरा म्हणतो, ‘जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला) तीसच्या वर काटा जातो कुठे? घे तुला आवडतं ते.’ रविवारी ज्यांच्याबरोबर माळशेजला वगैरे जाते तो ग्रुप म्हणतो, फुल फेस, जॅकेट, ग्लोव्ह्ज, नीगार्ड सगळं पाहिजे, नाहीतर येऊ नकोस. ते सगळं घालून एकदा ऑफिसला गेले तर लिफ्टमध्येच ‘चांद्रयान किती वाजता सुटतंय?’ असं झालं. घरी धाकटा दीर हेल्मेट कोपरात अडकवून फिरतो, नाक्यावर हवालदार दिसला की डोक्यावर. मी बोलले की वाद. सासूबाई माझ्या मागे बसून बाजारात येतात, पण ‘अंबाडा मोडतो’ म्हणून हेल्मेटला नकार. मी अति करतेय का? आणि नक्की कोणतं घेऊ? मॅट ब्लॅक मनात आहे.
एक वाचक, मुलुंड

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तू फ्लिप-अप घे, म्हणजे बटण दाबून हनुवटीचा भाग वर उचलता येतो ते. आणि नाही, तू अति करत नाहीयेस.

नवऱ्याचा मुद्दा पहिल्यांदा घेते, कारण ‘मुंबईत स्पीड जातो कुठे’ हे वाक्य मला येणाऱ्या निम्म्या पत्रांमध्ये असतं. ट्रॅफिकचं त्याचं म्हणणं खरं आहे. चूक पुढच्या हिशेबात आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून सरळ खाली पडलेली कोणतीही गोष्ट जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. यात गाडीचा वेग धरलेलाच नाही. म्हणजे पवईच्या सिग्नलला उभी असताना मागून रिक्षाने नुसता धक्का दिला, तुझा पाय ओल्या पेव्हर ब्लॉकवरून सटकला आणि तू आडवी झालीस, तरी डोकं रस्त्यावर त्या वेगाने आपटतं. डांबराला तू कुठल्या गिअरमध्ये होतीस याच्याशी देणंघेणं नसतं.

आता हेल्मेट कोणत्या वेगासाठी बनतं ते बघ. युरोपच्या ईसीई २२.०५ मानकात हेल्मेट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटून बघत. त्यानंतरच्या २२.०६ मध्ये त्याहून जोराचा मार आला, त्याहून हळू मारही आला, आणि तिरक्या आपटण्याची चाचणीही आली. थोडक्यात, हळू वेगातलं पडणं हेच हेल्मेटचं मुख्य काम आहे. शंभरच्या वेगाने भिंतीवर डोकं आदळलं तर कुठलंच हेल्मेट फार काही करू शकणार नाही. जेव्हीएलआरवर मेट्रोच्या खांबांशेजारी, बॅरिकेड आणि बेस्टची बस यांच्या मधल्या फटीत तीसच्या वेगाने पडलीस, तर मात्र ते तुला बहुतेक वेळा घरी आणेल.

हे काम बाहेरचं चकचकीत कवच करतं असं लोकांना वाटतं. कवचाचं काम मार पसरवायचं आणि टोकदार वस्तू आत शिरू द्यायची नाही, एवढंच. खरा मार खातो आतला थर्माकोल. २०१८ ची बंदी येईपर्यंत गणपतीची मखरं ज्याची होत तोच पदार्थ, फक्त जास्त घट्ट. आपटल्यावर तो चेपतो, आणि चेपण्यात जो क्षणाचा बारीकसा तुकडा जातो तेवढ्या वेळात डोकं थांबतं. तो थर्माकोल नसेल तर तेच डोकं एकदम थांबतं आणि आत मेंदू कवटीवर जाऊन आदळतो. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून डोक्यात असताना एकदा खरा मार बसला की ते हेल्मेट गेलं समज, बाहेरून ओरखडाही नसला तरी. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नये ते याच कारणासाठी. मार नाही बसला तरी घाम, ऊन आणि दमट हवेत पाचेक वर्षांनी बदलून टाकावं.

आता हनुवटी. ओपन फेसबद्दल माझं मत वाईट नाही. आजूबाजूचं चांगलं दिसतं, ऐकू येतं, चष्मा नीट बसतो, नाक्यावर थांबून पत्ता विचारता येतो. आयएसआयचं ओपन फेस नीट पट्टा लावून घातलेला माणूस हा उघड्या डोक्याच्या किंवा हायवेच्या कडेला मिळणारी टोपी घातलेल्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. पण ते चेहरा सोडून बाकीचं डोकं सांभाळतं. माणूस गाडीवरून पडताना पुढे फेकला जातो आणि पुढे असतो चेहरा. जर्मनीत हॅनोव्हरला अपघातात सापडलेली हेल्मेटं तपासून कुठे कुठे मार बसला याचा नकाशा काढला, तेव्हा साधारण एक तृतीयांश मार हनुवटीच्या पट्ट्यात निघाले. म्हणजे तुझ्या आवडत्या हेल्मेटला ज्या ठिकाणी काहीच नाही, नेमकं तिथे. तुटलेला जबडा, गेलेले दात, सहा आठवडे तारेने बांधलेलं तोंड, हे सगळं जीव वाचूनही भोगावं लागतं. आणि जबड्याला बसलेला मार वर कवटीच्या तळापर्यंत पोचू शकतो.

शिवाय ती फुगीर काच. दिसायला छान असते, मान्य. ती वर तीन टिचबटणांवर अडकवलेली असते. माळशेजच्या वळणावर वाऱ्याचा झोत खालून आत शिरला की ती फडफडते, कडेला सगळं किंचित वाकडं दिसतं, आणि पावसात तुझ्याच श्वासाने धुकटते. मुलुंड ते सीप्झ जून ते सप्टेंबर हा रस्ता तू ओळखतेस. डंपरच्या चाकाखालचं चिखलाचं पाणी थेट तोंडावर येतं.

म्हणजे प्रश्न उरला घुसमटीचा, आणि तो खरा आहे. ‘होईल सवय’ म्हणून तुला कुणी वाटेला लावत असेल तर ऐकू नकोस, कारण घुसमट चार वेगवेगळ्या कारणांनी होते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

पहिलं कारण माप. दुकानात बहुतेकजण सैल हेल्मेट घेतात आणि जे नवीन आणि घट्ट असतं त्याला ‘टाइट आहे’ म्हणतात. नव्या हेल्मेटने गाल दाबले गेले पाहिजेत. बोलायला गेलीस तर आतला गाल दाताखाली येईल इतके. महिन्याभरात आतला फोम बसतो आणि ते तुझं होतं. कपाळावर किंवा कानशिलावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर मात्र ते माप नाही, आकार चुकलाय. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट, आणि कंपनी बदलली की आतला आकार बदलतो. कपड्यांच्या दुकानातला मोजपट्टीचा टेप घे, भुवयांच्या वर दोन बोटं आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून फिरव, तो सेंटिमीटरचा आकडा घेऊन जा. दुकानात घातलंस की पंधरा-वीस मिनिटं काढू नकोस. दुकानदार कंटाळला तरी बसून राहा. काढल्यावर आरशात बघ, कपाळावर एकाच जागी लाल गोल ठिपका असेल तर दुसऱ्या कंपनीचं बघ. गाल थोडे लाल असतील तर उत्तम. मग पट्टा लावून मान खाली घाल आणि नवऱ्याला मागून हेल्मेटची खालची कड धरून वर-पुढे ढकलायला सांग. ते डोक्यावरून निघून हातात आलं, तर अपघातातही तेच होणार. तू म्हणतेस दोन मिनिटांत घुसमट होते, त्यावरून मला दाट शंका आहे की तुझ्या डोक्याचा आकार आणि त्या हेल्मेटचा आकार जुळत नव्हता.

दुसरं कारण हवा. काच पूर्ण बंद आणि वरची-पुढची झडप बंद असेल तर दुकानात एसीतही कोंडल्यासारखं होणार. झडपा उघडून बघ. सिग्नलला काच एक खाच वर कर. तिसरं कारण चष्मा. जाड, मागे वळलेल्या काड्यांचा चष्मा हेल्मेटमध्ये शिरताना कानावर दुमडतो. सरळ, पातळ काड्यांचा चष्मा गाडीसाठी वेगळा ठेव, आणि ज्याच्या गालाच्या फोममध्ये चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असते असं हेल्मेट माग. चौथं कारण भीती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. डोकं बंद पेटीत गेल्यावर काहींचा श्वास जड होतो. हेल्मेट घरी आण, संध्याकाळी टीव्ही बघताना काच उघडी ठेवून दहा मिनिटं घाल, दुसऱ्या दिवशी वीस. आठवड्याभरात मेंदूला कळतं की इथे हवा आहे.

फ्लिप-अप मी तुला यासाठीच सांगितलं. चष्मा लावलेलाच ठेवून घालता येतं. पार्किंगच्या वॉचमनशी बोलता येतं, पाणी पिता येतं, आणि घुसमट झाली की एका बटणावर तोंड मोकळं. दोन अटी. चालत्या गाडीवर पुढचा भाग वर ठेवायचा नाही. वर उचललेलं फ्लिप-अप म्हणजे जड झालेलं ओपन फेस, आणि वाऱ्यात ते मान मागे खेचतं. दुसरी अट पट्ट्यावर शिवलेल्या लेबलची. ईसीईवाल्या हेल्मेटच्या लेबलवर गोलात ई आणि एक लांब नंबर असतो, आणि त्याला एक अक्षर जोडलेलं असतं. ‘पी’ म्हणजे हनुवटीच्या भागाची चाचणी झालीय. ‘जे’ म्हणजे ओपन फेस. ‘पी/जे’ म्हणजे उघडं आणि बंद दोन्ही तपासलंय, तुला हेच हवं. ‘एनपी’ लिहिलं असेल तर हनुवटीचा भाग दिसायला आहे, पण मार झेलण्यासाठी नाही. ते जागेवर ठेव आणि पुढे जा.

फ्लिप-अप थोडं जड असतं, आवाजही जास्त येतो. मानेला आधीच दुखणं असेल तर मोठ्या खिडकीचं साधं फुल फेस घे. तेही तितकंच चांगलं, किंबहुना त्यात बिजागरी नाही म्हणून जास्तच भक्कम.

खरेदीचं पटकन सांगते. १ जून २०२१ पासून भारतात आयएसआय मार्कशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. खरा मार्क म्हणजे आयएस ४१५१ हा आकडा, आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो, कंपनीचं नाव समोर येतं. नुसता ‘डॉट’चा स्टिकर बघून भुलू नकोस. ते अमेरिकेचं मानक आहे आणि तिथे कंपनी स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देते. रस्त्यावरच्या ढिगातल्या हेल्मेटवर तो स्टिकर कुणीही चिकटवतं. स्टड्स, स्टीलबर्ड, व्हेगा यांची आयएसआयची फुल फेस हजार-दीड हजारांपासून मिळतात आणि ती रोजच्या वापराला चांगली असतात. तुझा घाटाचा नाद बघता आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेल्या हेल्मेटमध्ये चार पैसे जास्त घाल. काच पारदर्शकच घे. गडद काच रात्री ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर खड्डा लपवते. काचेच्या आत पिनलॉक बसवता येतो का ते विचार. आत दुसरी पातळ काच बसते आणि मधल्या हवेमुळे वाफ धरत नाही. मुंबईच्या पावसात त्याच्याइतका उपयोगी पैसा दुसरा नाही. आतलं अस्तर काढून धुता येणारं हवं, नाहीतर जुलैत वास मारतं. ते पंख्याखाली वाळव, गॅसजवळ नको.

पट्ट्याची गोष्ट वेगळी सांगते, कारण मुंबईत सगळ्यात जास्त हयगय तिथेच दिसते. हेल्मेट डोक्यावर, पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबतोय. असं हेल्मेट पहिल्या धक्क्यात उडून डिव्हायडरपलीकडे जातं आणि माणूस अलीकडे पडतो. कायद्याच्या कलम १२९ मध्येही हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं असणं हाच हेल्मेट ‘घातलं’चा अर्थ आहे. दोन कड्यांचा पट्टा असेल तर तो दोन्ही कड्यांतून ओवून मग परत फक्त एका कडीतून मागे घ्यायचा, खेचला की आपोआप आवळतो. दात असलेलं करकर वाजणारं बक्कल असेल तर ते रोजच्या घाल-काढीला सोपं. मात्र दोन-तीन महिन्यांनी पट्टा सैल होतो, तो मागच्या अडकवणीतून पुन्हा आवळून घ्यायचा. हनुवटीखाली एक बोट शिरेल, दोन नाही, इतपत.

आता ‘चांद्रयान’. आपल्याकडे पावसात छत्री घेतलेल्याला कुणी हसत नाही, पण जॅकेट घातलेल्या बाईला हसतात. डोकं सांभाळण्याला हसणं खूप जुनं आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडून दगावला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याने पुढे लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. हेल्मेटमुळे फरक पडतो हे तेव्हाच दिसलं होतं. तरी ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांसाठी हेल्मेटचा कायदा व्हायला १९७३ उजाडलं. आपल्याकडे पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये लोक हेल्मेटसक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. लोकांची सवय बदलायला एवढा वेळ लागतो. तुझ्या ऑफिसातल्या माणसांना तू त्यासाठी काही समजावून सांगायची गरज नाही. हसू दे. दोन आठवड्यांत त्यांना दुसरा विषय मिळेल.

तरी ग्रुपचं म्हणणंही मी जसंच्या तसं घेणार नाही. ‘सगळं घाल नाहीतर येऊ नकोस’ हा नियम घाटासाठी बरोबर आहे. त्यांच्या सहलीत पडलेल्याला उचलायचं, रुग्णालयात न्यायचं त्यांनाच असतं, म्हणून तो त्यांचा हक्क आहे. पण मे महिन्याच्या दमट मुंबईत रोज नीगार्ड आणि जाड जॅकेट असा हट्ट धरलास तर जूनपर्यंत सगळं कपाटात जाईल, आणि कपाटातलं जॅकेट कुणाचंच रक्षण करत नाही. रोज टिकेल तेवढं ठरव. माझा क्रम सांगते. हेल्मेटनंतर पहिले ग्लोव्ह्ज, कारण पडताना प्रत्येक माणूस आधी हात पुढे टाकतो आणि तळहाताची साल निघाली की महिनाभर भात कालवता येत नाही. तळव्यावर जाड पट्टी असलेले, मनगटावर बंद होणारे घे. मग घोटा झाकणारे बूट. सँडल घालून साडेतीनशे सीसी चालवू नकोस, ऑफिसची चप्पल सॅकमध्ये ठेव. मग जाळीचं जॅकेट, कोपर आणि खांद्यात युरोपच्या सीई मानकाचे गार्ड असलेलं. त्यात वारा लागतो, आणि ते ऑफिसात खुर्चीच्या मागे सहज मावतं. ओढणी गाडी चालवताना मागच्या चाकात जाईल अशी कधीच नाही. पावसात पोंचोसारखा फडफडणारा रेनकोट नाही, पँट-शर्टासारखा दोन भागांचा. घाटाला जाताना यात नीगार्ड वाढव, झालं.

दिराचं मन भाषणाने बदलणार नाही. तू बोललीस की त्याच्यासाठी ते घरातल्या वादात ढकललं जातं आणि सासूबाई मध्ये पडतात. त्याला एकदा शांतपणे विचार, का नाही घालत? बहुतेक मुलांचं उत्तर केस असतं. घामाने केस चिकटतात, जेल बसत नाही. मग त्याला पातळ सुती बालाक्लावा, म्हणजे हेल्मेटच्या आत घालायची डोकं-मान झाकणारी टोपी, आणून दे, आणि त्याच्या मापाचं हेल्मेट. वाढदिवसाला, बोलणी न घालता. आणि एकदाच, त्याच्या आईसमोर नाही, एवढं सांग: देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं रस्ते अपघातांत दगावली, त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका साधारण ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून निघालंय. एवढं सांगून थांब. त्याचं डोकं त्याच्या हातात आहे.

फक्त तुझी गाडी तुझ्या हातात आहे. तुझ्या मागे बसायचं असेल तर हेल्मेट आणि पट्टा, मग तो दीर असो, नवरा असो की सासूबाई. इथे मी तुला जराही मागे हटायला सांगणार नाही. मुंबईत ९ जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. पण दंडाच्या पावतीचा मुद्दा सासूबाईंना सांगू नकोस, त्यांना ते धमकावल्यासारखं वाटेल. त्यांना एवढंच म्हण, ‘आई, तुम्हाला मागे बसवून मी एकदा जरी आपटले तर मला आयुष्यभर झोप लागणार नाही.’ त्यांना हे कळेल. त्यांनीही तुझ्या नवऱ्याला लहानपणी असंच काहीतरी म्हणून रस्ता ओलांडायला शिकवलं असेल.

अंबाड्याचा प्रश्न खरा आहे, त्यांचं चुकत नाही. डोक्यावर उंच बांधलेल्या अंबाड्यामुळे हेल्मेट मागून उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं, पट्टा लावूनही. बाजाराच्या दिवशी मानेखाली सैल वेणी घालायची, परतल्यावर अंबाडा. आणि त्यांना फुल फेस नको. गुडघे दुखणाऱ्या, गुदमरणाऱ्या वयाच्या बाईवर ते लादलंस तर त्या रिक्षाने जातील, किंवा हेल्मेट मांडीवर घेऊन बसतील. त्यांच्यासाठी हलकं, आयएसआयचं, साध्या काचेचं ओपन फेस घे. हनुवटी उघडी राहील, हे मला माहीत आहे. तरी त्यांच्या डोक्यावर राहील ते हेल्मेट त्यांच्यासाठी चांगलं. तू आवडीने निवडलेलं ते घरात येईल, फक्त त्यांच्यासाठी. त्यांना दुकानात बरोबर ने, रंग त्यांना निवडू दे.

तुझ्या रंगाचं मात्र ऐक. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला झालेला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. काळ्या हेल्मेटच्या मानाने पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना गंभीर अपघाताचा धोका २४ टक्के कमी निघाला, आणि रिफ्लेक्टिव्ह किंवा झगझगीत कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के कमी. कारण उघड आहे, टेम्पोवाल्याला आरशात तू दिसलीस तरच तो लेन बदलताना थांबेल, आणि जेव्हीएलआरला संध्याकाळी पावसात मॅट ब्लॅक हेल्मेट मागच्या अंधारात विरून जातं. पांढरं, पिवळं किंवा नारिंगी घे.

आणि हेल्मेट बघायला जाशील तेव्हा रोज ऑफिसला जातेस तसेच केस बांधून, गाडी चालवतानाचाच चष्मा लावून जा. नाहीतर दुकानात बसलेलं माप सोमवारी सकाळी बसणार नाही.